खिडकी मिळाली, बाजू चुकली

विमानाचं तिकीट काढताना मराठी कुटुंबात फारसे मतभेद होत नाहीत. जे स्वस्त ते काढायचं, एवढं एकमत कायम असतं. खरी कसोटी लागते ती सीट निवडताना. मोबाइलवर विमानाचा उभा नकाशा येतो, मधे बोळ आणि दोन्हीकडे तीन-तीन चौकोन. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी बोळाकडच्या. बी आणि ई कुणी मागून घेत नाही, त्या नशिबी येतात. चौकोनावर बोट ठेवलं की रुपयांचा आकडा उमटतो आणि घरातला हिशेबनीस जागा होतो. "एका खिडकीचे तीनशे? चार माणसं, जाऊन-येऊन, म्हणजे चोवीसशे झाले! तेवढ्यात गोव्याला सगळ्यांचं सुरमईचं ताट होईल." मग थोडी रडारड, थोडं "लहान आहे तो, बघू दे त्याला" असं होऊन शेवटी एकच खिडकी विकत घेतली जाते. कुठली? जिचा आकडा कमी ती.

समुद्र कुठल्या बाजूला येणार, हा प्रश्न एवढ्या चर्चेत कुणाच्याही तोंडून निघत नाही.

नवल याचं की हीच माणसं जमिनीवर असताना दिशांच्या बाबतीत कमालीची जागरूक असतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या पिढीनं तो रुमाल कधी भलत्या बाजूला टाकला नाही. सकाळच्या गाडीनं पुण्याहून कोल्हापूरला निघालं की ऊन डावीकडून येणार, तेव्हा बसायचं उजवीकडे, हे गणित स्टँडवर पाय ठेवण्याआधीच झालेलं असायचं. घर घेताना दार पूर्वेला आहे का ते पाहणारा आणि झोपताना दक्षिणेकडे पाय न करणारा हा समाज विमानात शिरला की दिशा साफ विसरतो. खरं तर शिकायचं फार थोडं आहे. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलं की ए डावीकडे आणि शेवटचं अक्षर उजवीकडे. पुढचं काम शाळेतल्या नकाशाचं.

मुंबई-गोवा हा घरचाच मार्ग घ्या. नकाशावर दोन्ही टोकांना पट्टी लावून रेघ मारली तर ती जवळजवळ कोकण किनाऱ्याला घासून, किंचित आतून जाते. म्हणजे गोव्याला जाताना समुद्र उजवीकडे, एफच्या खिडकीत. हवा स्वच्छ असेल आणि वैमानिक त्या रेघेच्या आसपास असेल, तर मुरूडपुढचा जंजिरा नखाएवढा दिसतो, मग खाड्या एकामागून एक उलगडत जातात, पुढे विजयदुर्गाचं टोक आणि मालवणपाशी सिंधुदुर्ग. डावीकडे ए वाल्यांच्या वाट्याला सह्याद्री येतो, कोयनेचा शिवसागर लांबवर चमकतो. तोही देखावा वाईट नाही. पण ज्यानं "समुद्र दिसेल" असं सांगून पोराला ए वर बसवलेलं असतं, त्याला मुंबईचा किनारा मागे पडल्यापासून गोवा येईपर्यंत उत्तरं देत बसावं लागतं. "बाबा, समुद्र कुठाय?" "येईल." "कधी?" "झोप जरा."

त्यातही वेळ महत्त्वाची. सकाळच्या विमानात सूर्य डावीकडे असतो, त्यामुळे उजवीकडचा किनारा छान उजळलेला दिसतो. दुपारनंतरच्या विमानात तोच सूर्य उजवीकडे उतरतो, समुद्र पत्र्यासारखा तळपतो आणि एफ वरचा प्रवासी डोळे मिटून घेतो. म्हणजे बाजू बरोबर निवडूनही फसायची सोय आहेच. परतीच्या प्रवासात सगळं उलटं होतं, समुद्र ए कडे येतो. जाताना एफ आवडली म्हणून येतानाही हट्टानं एफ घेणारे लोक आहेत, आणि त्यांची समजूत घालणं फार अवघड असतं.

नागपूरकरांसाठी एक वेगळी गंमत आहे. मुंबई-नागपूर सरळ रेघ मारली की जायकवाडीचा नाथसागर आणि लोणारचं सरोवर, दोन्ही रेघेच्या दक्षिणेला पडतात. नागपूरला जाताना ती बाजू उजवी, म्हणजे पुन्हा एफ. उल्का आदळून झालेलं हे जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर वरून कसं गोल दिसत असेल, याची कल्पना लोणारला पायी उतरलेल्यालाही येत नाही. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा टाळेबंदीमुळे विमानं मोजकीच उडत होती. ज्यांनी त्या दिवसांत एफ घेतली असेल त्यांचं नशीब थोर म्हणायचं. बाकीच्यांनी फोटो पाहिले.

आता लेह. मराठी माणसाच्या आयुष्यात विमानाच्या खिडकीला खरा भाव येतो तो लडाखच्या सहलीत. दिल्लीहून विमान जवळजवळ सरळ उत्तरेला निघतं. लेहची विमानं सकाळची असतात, आणि त्याला कारण आहे. विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर, हवा मुळातच विरळ. दुपारी ती तापून आणखी विरळ होते आणि वारे सुटतात, तेव्हा मोठी विमानं सकाळीच उरकून घेतलेली बरी. सकाळ म्हणजे सूर्य पूर्वेला, उजव्या खिडक्यांत. उजवीकडे बसणाऱ्याला पाँगाँगची आणि त्सो मोरीरीची दिशा मिळते खरी, पण डोळ्यांवर ऊन येतं. डावीकडच्याच्या पाठीशी सूर्य असतो, समोरचा बर्फ लख्ख उजळलेला असतो आणि झांस्कारच्या रांगांपलीकडे नुन आणि कुन ही सात हजार मीटरवरची जोडी उभी असते. म्हणून लेहला जाताना ए घ्यावी, येताना एफ. सहलीच्या व्यवस्थापकाला हे माहीत असतं, पण तीस जणांच्या गटात तो ते बोलत नाही. ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी पंधरा जण त्याच्याशी भांडतील.

काठमांडूचा मार्ग त्याहून सोपा, कारण तिथे हिमालय फक्त एकाच बाजूला असतो. दिल्लीहून पूर्वेकडे जाताना उत्तर डावीकडे: आधी धवलगिरी, मग अन्नपूर्णा, मग मनासलू. हे सगळे आठ हजार मीटरवरचे गडी. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असल्यामुळे ते खाली न दिसता जवळजवळ नजरेच्या पातळीवर दिसतात आणि त्यामुळेच पहिल्यांदा जाणारा फसतो. "ढग बघ कसे ओळीनं उभे आहेत," असं तो बायकोला सांगतो. पाच मिनिटांनी ढग जागचे हलले नाहीत हे लक्षात येतं. मग तो एकदम उठतो, डोकं वरच्या कप्प्यावर आपटतं आणि बी, सी वरचे दोघे एकाच वेळी त्याच्या मांडीवर वाकून मोबाइल पुढे करतात. बागडोगरा आणि गुवाहाटीच्या मार्गावर कांचनजंगेमुळे हाच प्रकार घडतो, तोही डावीकडेच. उजव्या बाजूच्या प्रवाशांनी त्या वेळी काय करावं याबद्दल कुठलीच कंपनी सूचना देत नाही. ते बिचारे बोळात उभे राहून लोकांच्या डोक्यांचे फोटो काढतात.

काठमांडूच्या लोकांनी या भांडणावर धंद्याचा तोडगा काढला. तिथून एव्हरेस्ट बघायला तासाभराची खास विमानं सुटतात, ती कुठे उतरत नाहीत, डोंगर दाखवून परत येतात. त्यांत खिडकीच्याच सीट विकतात, बाकीच्या रिकाम्या ठेवतात. जाताना डावीकडच्यांची पाळी, येताना उजवीकडच्यांची. समाजवाद कुठे यशस्वी झाला असेल तर तो इथे, आणि तिकीट पाहिलं तर तोही परवडणारा नाही.

डोंगर-समुद्र काहीच नसेल आणि खाली नुसते ढग असतील, तरी बाजूचा प्रश्न सुटत नाही. सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसलेल्याला ढगांवर विमानाची सावली दिसते आणि तिच्याभोवती रंगीत कडं दिसतं. हे म्हणजे आपलं इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ते दिसतं, इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सनं त्याची नोंद १८३५ मध्ये केलेली आहे, आणि ते दिसावं म्हणून आजही लोक पाठीवर ओझं घेऊन चार-पाच तास चढतात, रात्री तंबूत कुडकुडतात आणि बहुतेक वेळा नुसतं धुकं बघून खाली येतात. विमानात तेच इंद्रवज्र बूट न काढता दिसतं. ढग जवळ असतील आणि सावली मोठी पडली असेल तर नीट बघा: कड्याचा मध्य सावलीतल्या नेमक्या त्या जागी असतो जिथे तुम्ही बसला आहात. पाचव्या रांगेतल्याला तो पुढे दिसतो, पंचविसाव्या रांगेतल्याला शेपटीकडे. प्रत्येकाचं इंद्रवज्र वेगळं, शेजाऱ्याचा त्यात वाटा नाही. फ्लॅटच्या पार्किंगवरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्यांना निसर्गानं दिलेली ही एकमेव निर्वेध मालकी असावी. ऊन असलेल्या बाजूला बसलात तर मात्र यातलं काहीच नाही.

बाजू जुळली तरी पंख मधे येतोच. तीन-तीन सीटच्या नेहमीच्या विमानात साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेच्या आसपास खिडकीतून पृथ्वीपेक्षा पंख जास्त दिसतो. तिथला प्रवासी घरी आल्यावर जे फोटो दाखवतो त्यांत पंख, पंख आणि सूर्यास्तातला पंख असतो. पंखाच्या लगेच मागे बसलं तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेनं खालचं गाव पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. अगदी पुढे नाहीतर बरंच मागे, हे दोनच मार्ग उरतात. पुढचा महाग, मागचा टॉयलेटजवळ. अपवाद एटीआरचा. दोन-दोन सीटच्या या छोट्या पंख्याच्या विमानाचा पंख छतावर असतो, त्यामुळे खालचा मुलूख मोकळा दिसतो आणि मधल्या रांगांतून चाकं बाहेर येतानाही दिसतात. काही मोठी माणसं ती बघून घाबरतात, मुलं टाळ्या वाजवतात.

याहून मोठी फसगत म्हणजे खिडकीची सीट आहे पण खिडकीच नाही. ही कल्पित गोष्ट नव्हे. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे, वातानुकूलनाचे पाइप पोटातून छताकडे भिंतीतूनच नेलेले असतात, त्यामुळे तिथे एखाद्या रांगेला खिडकी ठेवता येत नाही. युरोपात रायनएअरची ११ए ही सीट याबद्दल कुप्रसिद्ध आहे. शिवाय खिडक्यांमधलं अंतर विमान बनवणारा ठरवतो आणि सीटमधलं अंतर विमान चालवणारा; चालवणाऱ्याला एक रांग जास्त बसवायची असते, मग कुणाच्या खिडकीची चौकट खांद्यामागे जाते तर कुणाची गुडघ्यापुढे. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड या दोन कंपन्यांवर प्रवाशांनी याच कारणासाठी खटले भरले: खिडकीचे जादा पैसे घेतले आणि भिंत दाखवली. युनायटेडनं न्यायालयात बाजू मांडली ती अशी की, सीट खिडकीकडची आहे एवढंच आम्ही म्हटलं, बाहेरचं दिसेल असं म्हटलंच नव्हतं. एवढा सरळ चेहरा ठेवून असा युक्तिवाद पुण्यातल्या एखाद्या दुकानदारालाच जमला असता.

श्रीमंतांचंही यात काही फार बरं नाही. एमिरेट्सनं २०१७ मध्ये आपल्या काही बोइंग ७७७ विमानांत पहिल्या वर्गाच्या बंदिस्त खोल्या केल्या. त्यातल्या मधल्या खोल्यांना विमानाची बाहेरची भिंतच नाही, म्हणून तिथे खोट्या खिडक्या बसवल्या. बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं आकाश पडद्यावर दिसतं. लाखो रुपये मोजून टीव्हीवर ढग बघायचे.

खिडकी आहे, समोर आहे, बाजूही बरोबर आहे असं गृहीत धरू. आता काचेकडे बघा. तिला काच म्हणायचं ते सवयीनं, असतं ते अॅक्रिलिक, आणि एकामागे एक तीन तावदानं असतात. दाब सोसण्याचं काम बाहेरचं करतं. मधल्याला खालच्या बाजूला टाचणीएवढं भोक असतं. त्यातून आतला दाब बाहेरच्या तावदानापर्यंत पोचतो आणि काचेवर धुकंही कमी धरतं. उंचावर गेल्यावर त्या भोकाभोवती बर्फाच्या सुयांचं फूल उमलतं. शेजारी बसलेली मुलगी विचारते, "आई, काच फुटलीय का?" आणि आई आधी मुलीला गप्प करते, मग स्वतः बोटानं चाचपून बघते. सगळ्यात आतलं तिसरं तावदान प्रवाशांपासून बाकीच्या दोघांना वाचवण्यासाठी असतं आणि ते आपलं काम चोख करतं. आधीचा प्रवासी त्यावर डोकं टेकून मुंबई ते चेन्नई झोपलेला असतो. त्याच्या खोबरेल तेलाचा गोल ठसा नेमका डोळ्यांच्या उंचीवर. रुमालानं पुसला की तो पसरतो. अख्खी कांचनजंगा मग किंचित तेलकट दिसते.

उरला शेडचा प्रश्न. विमान सुटताना आणि उतरताना शेड उघडी ठेवायला सांगतात, कारण बाहेर आग वगैरे लागली तर कर्मचाऱ्यांना दिसावं, आतल्यांचे डोळे बाहेरच्या उजेडाला किंवा अंधाराला सरावलेले असावेत. आयुष्यभर हे ऐकलेल्या प्रवाशांना मे २०२५ मध्ये उलटं ऐकावं लागलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं आदेश काढला की संरक्षण दलांच्या विमानतळांवर दहा हजार फुटांच्या खाली शेड बंद ठेवायच्या, आपत्कालीन दाराच्या रांगा तेवढ्या वगळायच्या. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. त्या दिवसांत ज्या पुणेकरानं पुणे-दाबोळी प्रवासासाठी खिडकीचे पैसे भरले असतील, त्याला निघताना शेड दिसली, पोचताना शेड दिसली, आणि मधे काय दिसलं ते तो अजून हिशेबात धरतोय. कारण देशाच्या सुरक्षेचं, त्यामुळे तक्रारही करता येईना. पुणेकराला तक्रार करता न येणं यासारखी शिक्षा नाही. फोटो काढायला तर संरक्षण दलांच्या विमानतळांवर मनाईच आहे.

अमेरिकेत मुलाकडे निघालेल्या आई-बाबांचा अनुभव आणखी वेगळा. ते बोइंग ७८७ मध्ये बसतात, त्याच्या खिडक्या चांगल्या मोठ्या, पण शेडच नाही. खाली एक बटण असतं, ते दाबलं की काच हळूहळू निळी होत काळोखी होते. बाबांना यंत्राची आवड. ते पहिला अर्धा तास काच काळी-पांढरी करण्यात घालवतात. जेवण झाल्यावर मात्र कर्मचारी एका कळीनं सगळ्या खिडक्या काळ्या करतात आणि बटण मुकं होतं. बाहेर लख्ख दुपार, खाली ग्रीनलंडच्या हिमनद्या, आत रात्र. बाबा बटण दाबतात, पुन्हा दाबतात, मग हलकेच म्हणतात, "मॅडम, जरा पाच मिनिटं..." मॅडम हसून सांगतात की सगळे झोपलेत, सर. आई कुशीवर वळून म्हणते, "अहो, झोपा आता. बर्फच आहे तो."

झोपेवरून एक निरीक्षण नोंदवायलाच हवं. खिडकीसाठी सर्वांत जास्त भांडलेला माणूस विमान वर स्थिरावण्याआधी झोपतो. त्याला देखावा नको असतो, डोकं टेकायला भिंत हवी असते, आणि तो शेड खाली ओढून घेतो. मधल्या सीटवरच्या काकू, ज्या पहिल्यांदाच विमानात बसलेल्या असतात, त्या बंद शेडकडे उतरायची वेळ होईपर्यंत बघत राहतात. "दादा, तेवढं वर करता का?" असं विचारायला त्यांना संकोच वाटतो. मुंबईला उतरताना, जेव्हा खाली पवईचा तलाव, मग घाटकोपरच्या घरांवरच्या निळ्या ताडपत्र्या अगदी हाताशी येतात, तेव्हा कर्मचारी येऊन शेड उघडायला लावतो. दादा डोळे चोळत वर करतात आणि पुन्हा मिटतात. काकू मात्र ताडपत्र्यांपासून धावपट्टीपर्यंत सगळं बघून घेतात.

तेव्हा झोपायचंच असेल तर खिडकी घेऊ नका, आणि घेतलीच तर निदान शेड उघडी ठेवून झोपा. बघायचं असेल तर पैसे भरण्याआधी नकाशा उघडा: उत्तरेला जाताय की दक्षिणेला, सकाळी की दुपारी, डोंगर कुठे, ऊन कुठे. पावसाळ्यात कोकणावरून जाणार असाल तर पैसे वाचवा, ढगात शिरल्यावर डावं-उजवं नसतं. आणि एवढं करूनही सीट भलत्या बाजूची निघाली, तर टॉयलेटला जायच्या निमित्तानं मागे जा. मागच्या दाराला एक छोटीशी खिडकी असते, डावीकडे एक, उजवीकडे एक. तिथे रेंगाळू नका म्हणून कर्मचारी सांगतील, पण तिचे पैसे अजून तरी कुठली कंपनी घेत नाही.